मागच्या दोन चाकांचा क्लेम

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "काका, आता निवृत्त झालात, तर नोकरीतले अनुभव लिहा. जरा प्रेरणादायी असू द्या." मी म्हटलं, "अहो, एकतीस वर्षं मी लोकांना 'चूक तुमचीच आहे' असं सांगण्याचा पगार घेतला. त्यातून कुणाला कसली प्रेरणा मिळणार?" ते म्हणाले, "दोन हजार शब्दांपर्यंत चालेल." तर हे घ्या.

टायर कंपनीत क्लेम इन्स्पेक्टर नावाचा एक प्राणी असतो. आधी पुण्यात आणि मग सिंगापुरात मी तो प्राणी होतो. टायर फुटला, फुगला, चिरला की गिऱ्हाईक तो घेऊन येतं आणि म्हणतं, माल खराब होता, बदलून द्या. इन्स्पेक्टरनं तो टायर बघायचा, आतून-बाहेरून हात फिरवायचा आणि फॉर्मवर 'दोषाचं कारण' या रकान्यात कारण लिहायचं. कंपनीची चूक निघाली तर गिऱ्हाइकाला नवा टायर, गिऱ्हाइकाची निघाली तर चहा. मी आयुष्यात चहा पुष्कळ पाजला.

काम दिसतं तितकं अवघड नाही. माणूस खोटं बोलतो, टायरला तेवढी अक्कल नसते. मधोमध झिजला तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजला तर कमी होती, एकाच कडेला झिजला तर चाक वाकडं बसलं होतं. टायरचे शत्रू चारच: ऊन, कमी हवा, तेल आणि मालक. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं काढली तो नक्की आमच्या खात्यात असणार.

एकदा एका कॉन्डोतले, म्हणजे इथल्या महागड्या सोसायटीतले, साहेब आले. टायरच्या कुशीला लिंबाएवढं टेंगूळ. "गाडी नुसती उभी होती, उभ्या उभ्या फुगला," म्हणाले. मी टेंगळाशेजारी रुतलेला पिवळ्या रंगाचा कपचा नखानं काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या कॉन्डोच्या पार्किंगचे कठडे कोणत्या रंगाचे आहेत, एवढंच विचारलं. साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

जुरोंग आयलंडला कामगारांच्या बस नेणारा एक कंत्राटदार होता. त्याच्या वर्कशॉपच्या जमिनीवर कायम तेल सांडलेलं, त्यातच बस उभ्या. टायर मऊ पडून घसरायला लागले तर म्हणतो, "ऑइल ओन्ली, व्हॉट!" त्याला मी पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. रबर तेल पितं. दोन दिवसांत वरून कोरडं, काळंभोर, अगदी नव्यासारखं दिसतं. पण गरम झालं की प्यायलेलं सगळं बाहेर टाकतं, आणि मग रस्त्यावर पकड राहत नाही. "म्हणून मी कुठल्याही टायरला बोट लावून, वास घेतल्याशिवाय सही करत नाही," असंही त्याला ऐकवलं. बिचाऱ्यानं मान डोलावली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते अशाच वेळी सुचतं.

आता मूळ गोष्ट. सिंगापूरनं पन्नाशी साजरी केली त्या वर्षीची.

निनाद सबनीस हा ठाण्याचा मुलगा, इथे बँकेत बडा अधिकारी. गणपतीला मंडळात भेटायचा. चाळिशी आली की काही लोक योगासनं करतात, काही मॅरेथॉन धावतात. निनादनं सत्तरच्या दशकातली एक अमेरिकन मसल कार घेतली. म्हणजे बोनेटखाली बसचं वाटावं असं इंजिन, आणि बाकी सगळा पत्रा. या देशात अशी म्हातारी गाडी वर्षातले मोजके दिवसच रस्त्यावर काढता येते. उरलेले दिवस ती पुसायची. निनाद मन लावून पुसायचा.

मग त्याच्या डोक्यात ड्रॅग रेस शिरली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन गाड्या, एक सरळ रस्ता, हिरवा दिवा लागला की सुटायचं, पाव मैल गेलं की संपलं. वळण नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. वर्षानुवर्षं पुण्याच्या रस्त्यांसाठी टायर तपासलेल्या माणसाला हा खेळ म्हणजे शुद्ध पोरखेळ वाटणार. पण गंमत अशी, की यात इंजिन दुय्यम. ताकद कितीही असो, ती रस्त्याला लागते मागच्या दोन टायरांच्या तळहाताएवढ्या दोन ठिकाणी. तिथे पकड नसेल तर चाकं जागच्या जागी गरगरतात, धूर निघतो आणि शेजारची साधी गाडी टाटा करून निघून जाते. निनादच्या गाडीचं अगदी असंच होत होतं.

"काका, तुम्ही टायरमधले देव आहात," तो म्हणाला. देवाला नाही म्हणता आलं नाही.

गाडी सेम्बावांगला हेंगच्या गॅरेजात होती. अंकल हेंग साठीच्या पुढचा, हडकुळा, बोलायला महाग. त्यानं ते इंजिन चार वर्षं खपून उभं केलं होतं. त्याच्या गॅरेजच्या भाडेकराराची मुदत संपत आली होती. ती वाढवायची तर हाताशी नेहमीचं काम हवं, आणि त्याच्याकडची नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून चकचकीत वर्कशॉपात गेली होती. निनादच्या बँकेतल्या तिघा मित्रांकडे अशाच जुन्या गाड्या होत्या. ते तिघं शर्यत बघायला येणार होते. गाडी नीट धावली तर तिघांच्याही गाड्या हेंगकडे, नाहीतर हेंगनं शटर ओढायचं. हे निनादनं मला हेंगच्या समोरच सांगितलं. हेंग नुसता म्हणाला, "कॅन." सिंगापुरात या एका शब्दात होकार, भरवसा आणि 'बघू या' हे सगळं मावतं.

आम्ही कामं वाटून घेतली. गाडी सुटताना मागचे स्प्रिंगचे पाटे पीळ खातात, चाक उसळतं आणि पकड सुटते. हेंगनं पाट्यांना आधाराच्या जाड पट्ट्या बसवल्या. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटतं ते डिफरन्शियल. जुन्यात ती एकाच चाकाला जायची, ज्याची पकड कमी त्याला. सरकारी योजनांसारखंच. हेंगनं त्यात घर्षणाच्या चकत्यांचा संच घालून दोन्ही चाकांना सारखी ताकद जाईल असं केलं. टायर माझ्याकडे. मी रुंद, मऊ रबराचे, नक्षीच नसलेले खास टायर मागवले. आमच्याकडे गोटा झालेला टायर फेकून देतात, इथे तो कारखान्यातूनच गोटा येतो आणि दुप्पट मानानं वागवावा लागतो. हवा निम्म्याहून कमी ठेवायची, म्हणजे टायर रस्त्यावर पसरून बसतो. सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून रबर तापवायचं, म्हणजे ते चिकट होतं.

मग मी माझं शहाणपण दाखवलं. हेंगचं गॅरेज पत्र्याचं, उकाडा, त्यात वेल्डिंग चालू. "अशा ठिकाणी हे टायर राहिले तर वाया जातील. मी घरी ठेवतो," मी म्हटलं. हेंगनं खांदे उडवले. "यू आर द इंजिनियर."

आमच्या फ्लॅटला बॉम्बशेल्टर आहे. जाड भिंतींची, लोखंडी दाराची छोटी खोली. युद्ध येईपर्यंत त्यात तांदूळ, सुटकेसा आणि आकाशकंदील राहतात. त्यात मी दोन चाकं एकामागे एक उभी केली. "यांना कुणी हलवायचं नाही," असं सौभाग्यवतींना, म्हणजे सुलभाला, बजावलं. ती म्हणाली, "मी कशाला हलवू? माझी काय शर्यत आहे?"

दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी पलीकडे मलेशियातल्या जोहोरला शर्यत होती. निघायच्या दिवशी मी चाकं बाहेर काढली. कुशीवर हळदकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीला आमच्याकडे माझ्या पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. दरवर्षी पाटावर माझा हवा मोजायचा गेज आणि झीज मोजायची पट्टी असते. त्या दिवशी मी कामावर होतो, सुलभानं पूजा उरकली होती आणि चाकांनाही बोटं लावली होती. मला भरून आलं. मी रुमालानं बोटं पुसली. टायर काळेभोर, नव्यासारखे दिसत होते. मी स्वतःवरच खूश झालो. बॉम्बशेल्टरचा गुण, म्हटलं.

इंडोनेशियातल्या जंगलांचा धूर त्या वर्षी महिनाभर आमच्या डोक्यावर होता. शर्यतीच्या दिवशी तो विरला होता, पण मी जपणारा माणूस, मास्क लावूनच गेलो. निनाद हेल्मेट घालून बसला. तिघे मित्र टोप्या घालून, मोबाईल उगारून उभे. हेंगनं धुतलेला शर्ट घातला होता. त्याला मी पहिल्यांदाच इस्त्रीच्या कपड्यात पाहिलं.

निनादनं विचारलं, "काका, चाकं किती वेळ फिरवू?"

हेंग म्हणाला, "लाँग लाँग."

"थोडाच वेळ," मी म्हटलं. "टायर वाचव." जन्मभर लोकांना टायर वाचवायला सांगितलेला माणूस ते जाळायला कसं सांगणार?

चाकं फिरली, धूर निघाला. हेंग मागे उभा होता. त्यानं नाक वर केलं आणि म्हणाला, "स्मेल लाइक नासी लेमाक." म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, इथला सकाळचा नाश्ता. मला हसू आलं. मी निनादच्या मित्रांना म्हटलं, "अंकलला भूक लागलीय." तेही हसले. मग हेंगही हसला, जरा उशिरा.

हिरवा दिवा लागला. गाडी गरजली, चाकं गरगरली, गाडीचं शेपूट डावीकडे गेलं, मग उजवीकडे, आणि ती आडवी होत बाजूच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. निनाद खाली उतरला आणि आधी कठड्यापर्यंतचं अंतर वितीनं मोजून आला. शेजारच्या लेनमधली छोटी जपानी गाडी केव्हाच पलीकडे पोहोचली होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच इन्स्पेक्टर. मी कंबरेवर हात ठेवून चाकांभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "एका चाकाला ताकद गेली, दुसऱ्याला नाही. म्हणून गाडी आडवी झाली. डिफरन्शियल. चकत्या नीट बसलेल्या नाहीत." बोललो ते मुद्दाम इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. त्या तिघांतल्या एकानं मोबाईल खिशात टाकला. हेंगनं टायरला बोट लावलं, ते नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओके. आय ओपन, आय सी." मी टायरला बोट लावलं नव्हतं. माझेच टायर, त्यांना काय बघायचं?

आठवडाभरानं निनादचा मेसेज आला. मित्रांनी आपल्या गाड्या दुसऱ्या वर्कशॉपला दिल्या. 'तुम्ही होतात म्हणून वेळेत कळलं काका, नाहीतर त्यांचंही नुकसान झालं असतं.' खाली हात जोडलेले. मीही उलट हात जोडले.

मग नरकचतुर्दशी. पहाटे सुलभानं पाट मांडला, मला बसवलं आणि वाटीतलं तेल डोक्यावर थापलं. वाटीत चमचाभरच होतं.

"एवढंसं?" मी म्हटलं.

"अहो, बाटली संपलीय. नवीन आणायचं राहिलं. अर्धी बाटली तुमच्या त्या चाकांनीच प्यायली."

"कुठल्या चाकांनी?"

"बॉम्बशेल्टरमधल्या. खंडेनवमीला पूजेला बघितली तर किती कळकट, पांढुरकी दिसत होती. बाबा नाही का दसऱ्याला सायकलची चाकं खोबरेलानं पुसायचे? पुढचं चाक दोनदा छान पुसलं. मागच्याला तांदळाच्या पिंपामुळे हात पुरेना, जेवढं जमलं तेवढं पुसलं. चकाचक झाली की नाही?"

तेल माझ्या कपाळावरून नाकावर ओघळलं. नारळाचा वास आला. माझ्या नाकाला कुणीतरी मागे उभं राहून सांगितल्यासारखं वाटलं, नासी लेमाक. एका चाकाला पोटभर तेल, दुसऱ्याला थोडं. एकाची पकड गेली, दुसऱ्याची अर्धी राहिली. गाडी आडवी होणारच. ब्रह्मदेवानं डिफरन्शियल बसवलं असतं तरी झाली असती. आणि थोडं तापवून आत मुरलेलं तेल बाहेर काढायचं, पण ते जळून जाईपर्यंत थांबायचं नाही, ही अक्कलही माझीच.

मी सुलभाला म्हटलं, "तुला सांगितलं होतं, हलवू नकोस."

"हलवलं कुठे? पुसलं." उटण्याचा हात माझ्या पाठीवरून जोरात फिरला. "आणि तुम्ही टायरवाले ना? न्यायच्या आधी हात लावून बघायचा होता."

हिला कंपनीत घेतलं असतं तर माझी गरज पडली नसती.

आंघोळ कशीबशी आटोपली. फराळाचा डबा घेऊन सेम्बावांगला गेलो. हातात फराळ असला की माणूस सज्जन दिसतो. गॅरेजात हेंगनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर चकत्या ओळीनं मांडल्या होत्या. मी एकेक उचलून पाहिली. एकीवरही ओरखडा नव्हता. माझ्या सांगण्यावरून त्यानं ते सगळं उघडलं होतं, धुतलं होतं, मोजलं होतं.

मी सगळं सांगितलं. पूजा, खोबरेल, बॉम्बशेल्टर, तांदळाचं पिंप. इंग्रजीत खंडेनवमी समजावून सांगताना आपण किती खुळे दिसतो, हे त्या दिवशी कळलं. हेंगनं ऐकून घेतलं. चकली मोडली, खाल्ली.

"आय नो," तो म्हणाला. "फर्स्ट डे ऑल्सो आय नो. कोकोनट."

"मग बोलला का नाहीस?"

"आय टेल यू, व्हॉट. यू लाफ."

मला त्याच्यासमोर रडू आलं. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना त्यांची चूक दाखवली, तेव्हा त्यांचं तोंड कसं होत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. हेंगनं दुसरी चकली माझ्यापुढे धरली. फराळ मीच नेला होता, आणि खावा लागत होता मलाच.

त्या संध्याकाळी मी आमचा क्लेमचा फॉर्म काढून भरला. टायर: दोन, मागचे. अवस्था: तेल मुरल्यामुळे निकामी. दोषाचं कारण: तपासनीस एस. व्ही. फाटक यांनी टायर तपासला नाही. डिफरन्शियल आणि मेकॅनिक निर्दोष. सही केली आणि निनादला पाठवला, त्या तिघांनाही पाठवायला सांगितलं. निनाद भला मुलगा. त्यानं पाठवला. एकाचं उत्तर आलं, हसण्याची तीन चित्रं. गाड्या मात्र परत आल्या नाहीत. त्यांना वाटलं, म्हातारा म्हाताऱ्याला वाचवतोय. मीच इतकी वर्षं लोकांचं म्हणणं असंच ऐकत आलो होतो, तेव्हा त्यांना काय बोलणार?

महिनाअखेर हेंग गॅरेज सोडणार हे ठरलं. त्याआधी मी नवे टायर मागवले. ते थेट गॅरेजात आले, पत्र्याखाली, उकाड्यात. रोज जाऊन मी दोन्हींना बोट लावून वास घेत होतो. हेंग कामातून मान वर करून बघायचा.

शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा जोहोरला गेलो. आम्ही तिघंच. निनादनं खिडकीतून विचारलं, "काका, किती वेळ?"

मी हेंगकडे बोट दाखवलं.

"लाँग लाँग," हेंग म्हणाला.

चाकं फिरत राहिली, इतकी की धुरात गाडीच दिसेना. त्या दिवशी मी मास्क लावला नव्हता. मग हिरवा दिवा लागला आणि गाडी सुटली. चाकांनी रस्ता असा धरला की तिचं तोंड वर उचललं गेलं, आणि ती दोरी लावल्यासारखी सरळ गेली. पलीकडे निनादचा हॉर्न वाजतच राहिला. हेंगची चार वर्षं पाव मैलात नीट धावली, आणि ज्यांनी बघायला हवी होती ते तिघं तिथे नव्हते. मी टाळ्या वाजवत मागे वळलो.

हेंग गाडीकडे बघतच नव्हता. तो धुरात उभा होता, डोळे मिटून, नाक वर करून. बराच वेळ त्यानं वास घेतला. मग माझ्याकडे वळून, क्लेम मंजूर करावा तसा, म्हणाला, "टुडे नो नासी लेमाक."

या वेळी हसला तो एकटाच.